निर्वासित रबाबवादकाला शाल नको, शिकवायची परवानगी द्या

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरले आणि पुढे कित्येक दिवस रबाब हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या अफगाण कलाकारांचे व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. लोक हळहळले, अगदी मनापासून हळहळले, त्याबद्दल मला शंका नाही. आणि आजही देश सोडून आलेला एखादा वादक कुठे भेटला की आपण काय करतो, तर त्याचा कार्यक्रम ठेवतो. हॉल, हार, शाल, श्रीफळ, दोन शब्द, फोटो. त्या माणसाला त्या संध्याकाळी बरं वाटतं, मानधनाचं पाकीट मिळतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत तिथेच असतो, भाड्याच्या खोलीत, व्हिसाची तारीख मोजत. माझं म्हणणं असं आहे की जो माणूस आपलं वाद्य घेऊन परागंदा झालाय त्याला स्टेजपेक्षा शिष्यांची गरज जास्त आहे, आणि शिष्य तयार करायचे तर एका गावात काही वर्षं निर्धास्त राहता आलं पाहिजे, उघडपणे फी घेऊन शिकवता आलं पाहिजे, आणि ही मुभा रसिक देऊ शकत नाहीत, ती सरकारनेच द्यावी लागते. हा सगळा कायद्याचा प्रश्न आहे आणि आपल्या देशाने तो स्वातंत्र्यापासून आजपर्यंत अर्धवट लोंबकळत ठेवलाय.

आता रबाबच का, तर ज्याने कधी सरोद ऐकलाय त्या प्रत्येकाचा रबाबशी संबंध आहे म्हणून. पठाण सैनिक आणि घोड्यांचे व्यापारी हिंदुस्थानात आले तेव्हा हे वाद्य त्यांच्या सामानात आलं, इकडेच राहिलं, आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्या लाकडी पट्टीवर धातूचा पत्रा बसला, आतड्याच्या तातीच्या जागी धातूच्या तारा आल्या, आणि आज आपण ज्याला सरोद म्हणतो ते तयार झालं. हे नेमकं कोणी केलं, ग्वाल्हेरच्या बंगश घराण्यातल्या गुलाम अली खानांनी की लखनौच्या नियामतुल्ला खानांनी, यावर घराण्याघराण्यांत वाद आहे आणि तो इथे सोडवायची गरज नाही. पण मूळ काबूलकडचं आहे हे बहुतेक जण मानतात.

रबाब जवळून बघितला तर कळतं की हे वाद्य नुसतं रेकॉर्डिंग ऐकून का शिकता येत नाही. तुतीच्या लाकडाचा एकच ओंडका कोरून अंग आणि मान करतात, पोटावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, मानेवर शिंपल्याचं नक्षीकाम. मुख्य तारा तीनच, पूर्वी तातीच्या आणि आता नायलॉनच्या, त्यांच्या बाजूला दोन-तीन लांब तारा आणि खाली तेरा ते पंधरा तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या. पडदे जेमतेम चार, तेही बांधलेले, त्यांच्या पुढचे स्वर बोटाने अंदाजानेच शोधायचे. आणि खरी मजा उजव्या हातात आहे. तरफेची सगळ्यात आखूड तार घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, मुद्दाम जरा उंच उचललेली असते, वादक मुख्य तारेवर सूर वाजवतो आणि दोन सुरांच्या फटीत त्या उंच तारेवर नखीचा फटका मारून परत येतो, पुढे मागे, दोनास एक, तिनास दोन असे हिशोब बदलत, आणि ऐकणाऱ्याला वाटतं दोन माणसं वाजवतायत. याला परंदकारी म्हणतात. मी हे यूट्यूबवर स्लो करून बघितलंय, पाव स्पीडवर टाकून बघितलंय, आणि मनगट नेमकं कुठे सैल सोडायचं ते व्हिडिओत दिसतच नाही. ते उस्ताद समोर बसून तुमच्या मनगटाला हात लावूनच सांगू शकतो. नखीला ते शहबाज म्हणतात, ती बोटांत किती घट्ट धरायची हेसुद्धा तसंच.

म्हणून अर्काइव्ह करा, रेकॉर्डिंग करा, डिजिटल करा म्हणजे परंपरा वाचली असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. रेकॉर्डिंग हवंच, त्याला विरोध कशाला करायचा. पण रेकॉर्डिंगमध्ये चाल राहते, हात राहत नाही.

काबूलमध्ये हा हात खराबात नावाच्या मोहल्ल्यात राहायचा. जुन्या शहरातली वादक-गायकांची वस्ती. १८६० च्या दशकात अमीर शेर अली खानाने हिंदुस्थानातून कलावंत दरबारात नेले आणि त्यांची घरं तिथे वसली, म्हणजे खराबात हाच मुळात बाहेरून आलेल्या संगीतकारांना मिळालेला आसरा होता. त्यामुळे तिकडच्या शास्त्रीय संगीतात आपल्याला ओळखीचे राग भेटतात, यमन भेटतो, पिलू भेटतो, भैरवीच्या जवळचा बैरामी भेटतो, तबला भेटतो, तीनतालही भेटतो, आणि शिष्य स्वीकारताना आपल्या गंडाबंधनासारखाच धागा बांधायचा विधी भेटतो. काबूलचे गायक उस्ताद सराहंग पतियाळा घराण्यात शिकून काबूलला परत गेले. माणसं जात होती, येत होती, कोणी कोणाला पावती मागत नव्हतं.

१९९२ मध्ये मुजाहिदीन गटांची आपसांत लढाई सुरू झाली आणि खराबात रॉकेटखाली सापडलं. घरं पडली, कुटुंबं पेशावरला पळाली. हुमायून सखी हा तेव्हा सोळा वर्षांचा मुलगा होता, त्याचे वडील उस्ताद गुलाम सखी हे रबाबचे मोठे उस्ताद मोहम्मद उमर यांचे शिष्य. पेशावरमध्ये खलील हाऊस नावाची एक इमारत होती, तिथे परागंदा अफगाण संगीतकारांनी खोल्या घेतल्या होत्या, लग्नाची ऑर्डर घ्यायला माणसं तिथे यायची, आणि त्याच खोल्यांत रियाज चालायचा. लग्नाच्या कामावर घर चालायचं आणि उरलेल्या वेळात वाद्य वाढायचं. इकडे १९९६ मध्ये काबूलला तालिबान आले, संगीतावर बंदी आली, कॅसेटच्या फिती ओढून चेकपोस्टवर लटकवायला लागले. पेशावरलाही फार दिवस बरे राहिले नाहीत, २००२ मध्ये त्या प्रांतात धार्मिक पक्षांच्या आघाडीचं सरकार आलं, बसमधल्या गाण्यांवर बंदी आली आणि डबगरी बाजार, जिथे पिढ्यानपिढ्या वादक बसायचे, वाद्यं बनवणारे बसायचे, तिथून कलावंतांना उठवलं गेलं. म्हणजे एकदा निर्वासित झालेली माणसं त्याच निर्वासित गावात दुसऱ्यांदा विस्थापित.

हुमायून तोवर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटला पोचला होता. फ्रीमॉंटमध्ये अफगाण वस्ती मोठी, लोक त्याला छोटं काबूलच म्हणतात. तिथे त्याने काय केलं, तर शिकवायला सुरुवात केली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे त्याची रेकॉर्डिंग निघाली, क्रोनोस क्वार्टेटसारख्या नावाजलेल्या मंडळींबरोबर तो वाजला, जगभर फिरला, ते सगळं आहेच, पण त्याच्या पायाखाली ठाम जमीन होती, राहण्याचा हक्क होता, काम करण्याचा हक्क होता, मुलं शिकायला येत होती, आणि ज्यांचे आईबाप काबूल सोडून आले होते त्या मुलांना रबाब धरायचा कसा हे सांगणारा माणूस गावातच होता. आता विचार करा, हाच मुलगा १९९२ मध्ये पेशावरऐवजी दिल्लीला आला असता तर काय झालं असतं. वाजवला असता त्याने, जिद्दी होता, पण शिकवण्याचा वर्ग कोणत्या कागदावर उघडला असता?

याच्या आधीचं एक उदाहरण आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. १९७४ मध्ये उस्ताद मोहम्मद उमर सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये शिकवायला गेले. तेव्हा ते निर्वासित नव्हते, काबूल रेडिओच्या ऑर्केस्ट्राचे प्रमुख राहिलेले मानाचे उस्ताद होते, सत्तरीला टेकलेले. तिथे नोव्हेंबरमध्ये त्यांची एक मैफल झाली आणि तबल्याला माहीमचा तेवीस वर्षांचा झाकीर हुसेन होता. ते रेकॉर्डिंग उपलब्ध आहे, जरूर ऐका, रबाबचे फटके आणि तबला एकमेकांना किती सहज ओळखतात ते ऐकून अंगावर काटा येतो. पण मला त्या मैफलीइतकीच महत्त्वाची वाटते ती त्यांची नेमणूक. विद्यापीठाने एका काबुली उस्तादाला शिकवायला बोलावलं, पोरांसमोर बसवलं. १९८० मध्ये ते वारले, त्यांचं शहर पुढे जळालं, पण त्यांचा हात जिथे जिथे शिष्यांत उतरला होता तिथे तिथे उरला. त्यांचेच एक शिष्य दाऊद खान सादोझई जर्मनीत स्थिरावले, त्यांनी अमजद अली खानांकडे सरोदही शिकला, म्हणजे नात परत आजीच्या घरी येऊन भेटून गेली. फ्रीमॉंटच्याच सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दुसऱ्या टोकाला सॅन राफेलमध्ये अली अकबर खानांचं कॉलेज १९६८ पासून अमेरिकन पोरांना सरोद शिकवतंय. आपल्या उस्तादाला परक्या देशात वर्ग चालवता आला याचा आपल्याला अभिमान आहे, रास्तच आहे. तर मग दुसऱ्याच्या उस्तादाने आपल्याकडे वर्ग चालवायचं ठरवलं तर आपण त्याला कुठली खिडकी दाखवतो, हे आपण तपासायला नको का?

२०२१ नंतर काय झालं ते थोडक्यात. त्याच ऑगस्टच्या अखेरीस बगलाण प्रांतातल्या अंदराब खोऱ्यात फवाद अंदराबी नावाच्या लोकगायकाला घराजवळ गोळी घातली, ते घिचक हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजवून गायचे. जुलै २०२३ मध्ये हेरातला तबले, हार्मोनियम, गिटार, स्पीकर रचून आग लावली आणि त्याचे फोटो सरकारनेच प्रसिद्ध केले. ऑगस्ट २०२४ मध्ये सदाचाराचा कायदा आला, त्यात बाईचा आवाज सार्वजनिक जागी ऐकू येणंसुद्धा गुन्हा ठरवलं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने रबाब बनवण्याची आणि वाजवण्याची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान या चार देशांच्या नावावर. चारातल्या एका देशात ती कला उघडपणे करता येत नाही. यादीत नाव आलं याचा मला आनंद आहे पण यादी व्हिसा देत नाही.

ज्यांना ही गोष्ट नीट कळली त्यांनी काय केलं बघा. काबूलमध्ये अहमद सरमस्त यांनी २०१० मध्ये राष्ट्रीय संगीत संस्था सुरू केली होती, मुलं मुली एकत्र शिकायची, अफगाण वाद्यं पण आणि पाश्चात्त्य वाद्यं पण. २०१४ मध्ये एका कार्यक्रमात आत्मघाती स्फोट झाला, सरमस्त स्वतः जबर जखमी झाले, बरे होऊन परत येऊन शाळा चालवली. मुलींचा जोहरा ऑर्केस्ट्रा याच शाळेचा. काबूल पडल्यावर शाळेतली विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आणि घरची मिळून २७३ माणसं काबूलमधून बाहेर काढली, दोहामार्गे डिसेंबर २०२१ मध्ये ती लिस्बनला उतरली आणि पुढे पोर्तुगालच्या उत्तरेला ब्रागामध्ये त्यांनी पुन्हा वर्ग सुरू केले. वाद्यं मागे राहिली होती. पण पोर्तुगालने आख्खी शाळा उचलून आणली, शिक्षकासकट शिष्य आणले, दोघांना राहण्याचा कागद दिला. एकेकट्या नामवंत कलाकाराला आणून शहराच्या शोभेला ठेवण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे. पोर्तुगाल काही श्रीमंत देशांत पहिल्या रांगेत बसणारा देश नाही, आणि त्याचं काबूलशी आपल्यासारखं जुनं नातंही नाही.

याच्या अगदी उलट पाकिस्तानात झालं. तिथे ऑक्टोबर २०२३ मध्ये कागद नसलेल्या परदेशी लोकांना देश सोडायचं फर्मान निघालं, १ नोव्हेंबरची मुदत दिली, आणि लाखो अफगाणांना सरहद्दीपलीकडे ढकललं. त्यात पेशावर, क्वेट्टा, इस्लामाबादमध्ये लपून राहिलेले वादकही आले. ज्याला वाजवल्याबद्दल मारतील अशा ठिकाणी त्याला परत पाठवायचं, हे मला कुठल्याही सुरक्षेच्या युक्तिवादाने समजून घेता येत नाही.

आता आपण. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही, आणि आपला स्वतःचा निर्वासितांचा कायदा नाही. १९४६ चा फॉरिनर्स अ‍ॅक्ट होता, त्यात फिरायला आलेला टुरिस्ट आणि जीव वाचवून आलेला माणूस दोघंही फक्त परदेशी, आणि त्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा आला त्यातही निर्वासित अशी वेगळी व्याख्या नाही. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय ओळखपत्र देतं, लाजपत नगर, भोगल, मालवीय नगर भागातले बरेच अफगाण त्या कार्डावर राहतात, पण त्या कार्डावर रीतसर नोकरी करता येत नाही. गृहखात्याची इच्छा असेल तर लाँग टर्म व्हिसा मिळू शकतो आणि त्यावर खाजगी नोकरी चालते, पण ती सोय आहे, हक्क नव्हे, अर्ज पडून राहिला तर दाद मागायची कुठे? २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने अफगाणिस्तानातून २०१४ च्या अखेरपर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन लोकांना रस्ता दिला, ते चांगलंच झालं, पण खराबातचे वादक जवळपास सगळे मुसलमान, आणि संगीतासाठी मार खाणारे तेच आहेत, त्यांना त्या दारातून प्रवेश नाही.

पुण्यात अफगाण विद्यार्थी कित्येक वर्षं आहेत, हे पुणेकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने आधी दिलेले अफगाण व्हिसा एका फटक्यात रद्द केले तेव्हा सुट्टीत घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले, त्यांची अ‍ॅडमिशन इकडे आणि ती पोरं तिकडे. जे इथे राहिले त्यातल्या एकाच्या खोलीवर मी एकदा पावसाळ्यात गेलो होतो. मुलगा कॉमर्सचा, वादकांच्या घरातला नाही, शौकी. रबाब भिंतीला उभा होता आणि त्यावर टॉवेल टाकलेला. त्याने वाजवायला घेतला तर आवाज पडलेला, दबका, पुण्याच्या दमट हवेत बकऱ्याचं कातडं सैल पडतं, त्यामुळे तो आधी हेअर ड्रायर लांब धरून कातड्यावर फिरवत बसला, मग बोटाने टकटक करून बघितलं, परत थोडा ड्रायर. आपले हलगीवाले वाजवायच्या आधी हलगी जाळावर धरतात तसंच अगदी. मग सूर वर आला. त्याचे उस्ताद तेव्हा पेशावरला होते आणि धडा व्हॉट्सॅपवर व्हॉइस नोटने यायचा, हा वाजवून परत पाठवायचा, उस्ताद ऐकून सांगायचे उजवा हात जड आहे. जड म्हणजे कसा, ते व्हॉइस नोटमध्ये सांगणार कसं. तो परत परत तेच वाजवत होता आणि मला विचारत होता, आता हलका वाटतोय का? मला काय कळणार.

शिष्य पुण्यात तयार बसलाय, उस्ताद दुसऱ्या देशात पोलिसांना चुकवत राहतोय, आणि दोघांमध्ये अडचण आहे ती एका व्हिसा कॅटेगरीची. मला यात संतापच येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

कोणी म्हणेल की भारताला हे जमणारच नाही, कायदाच नाही तर काय करणार. तर भारताला हे एकदा उत्तम जमलेलं आहे. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे डोक्यावर नीट छप्परही नसताना, कलिंपोंगला तिबेटी नाट्य-संगीताची संस्था सुरू झाली, ती आज मॅक्लिऑडगंजला आहे. निर्वासनात तिबेटी लोकांनी ज्या संस्था सगळ्यात आधी उभ्या केल्या त्यातली ही एक. नेहरूंच्या सरकारने तिबेटी मुलांच्या वेगळ्या शाळा मान्य केल्या, १९६१ मध्ये त्यासाठी शिक्षण खात्याखाली स्वतंत्र यंत्रणा केली, वसाहतींना जमिनी दिल्या. त्या संस्थेत तयार झालेले शिक्षक तिबेटी शाळांमध्ये जाऊन गाणं, नाच आणि द्रान्येन या तंतुवाद्याची विद्या शिकवतात. आपल्या विदर्भातसुद्धा गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. हिवाळ्यात आपल्या गावात स्वेटर विकणारे तिबेटी आपण सगळ्यांनी पाहिलेत, पण या लोकांची वाद्यं साठ वर्षांनी टिकली आहेत यामागे भारत सरकारचा शाळा काढायचा निर्णय होता हे कितीजणांना माहीत आहे? करारावर सही तेव्हाही नव्हती. इच्छा होती.

तिबेटी लोकांची गोष्ट वेगळी, संख्या वेगळी, राजकारण वेगळं, मान्य. मी अफगाणांसाठी वसाहती मागतच नाहीये. मी वादकांपुरतं, शिकवणाऱ्यांपुरतं बोलतोय, अगदी मोजक्या लोकांबद्दल.

सगळ्यात जोरात येणारा आक्षेप वेगळाच असतो आणि त्याचं उत्तर द्यायलाच पाहिजे. आपले सारंगीवाले उपाशी आहेत, आपल्या तमाशातल्या ढोलकीवाल्याला म्हातारपणी औषधाला पैसे नाहीत, आपल्या वाद्यांना शिष्य नाहीत, आणि तुम्ही परक्यांचं काय घेऊन बसलात. हे बोलणारा माणूस चुकीचा नाही, त्याचं दुखणं खरं आहे. पण मी जे मागतोय त्यातला मोठा भाग फुकट आहे. राहायची आणि शिकवायची परवानगी द्यायला अनुदान लागत नाही, ढोलकीवाल्याच्या पेन्शनमधून एक रुपया त्यासाठी कापावा लागत नाही. त्याचं पेन्शन थकतं ते आपल्या सांस्कृतिक खात्यांच्या बेपर्वाईने, अफगाण माणूस देशाबाहेर राहिल्याने ते वेळेवर येत नाही.

आणि महाराष्ट्राने तर हा आक्षेप घेऊच नये. गायक अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातले, उनियाराचे. शाहू महाराजांनी त्यांना १८९५ मध्ये कोल्हापूर दरबारात ठेवलं, पगार दिला, घर दिलं, आणि मुख्य म्हणजे पंचवीसेक वर्षं एका जागी राहू दिलं. त्यांच्या विद्येचं काय झालं? भास्करबुवा बखले, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई. घरचे शिष्य होतेच, पण त्या गायकीला आज ज्या नावांनी लोक ओळखतात ती बाहेरच्या शिष्यांची, त्यांचा धर्म वेगळा, जात वेगळी, भाषा वेगळी. खाँसाहेब निर्वासित नव्हते, हा फरक मी विसरत नाही. पण एका उस्तादाला स्थैर्य मिळालं की परक्या मुलखात त्याची विद्या परक्या पोरांच्या गळ्यात कशी रुजते, याचा इतका ढळढळीत पुरावा घरात असताना आपण दुसऱ्याला दार लावणं बरोबर नाही. शाहू महाराजांनी मैफलींच्या बिदागीवरच भागवलं असतं तर खाँसाहेब गाऊन पुढच्या संस्थानात गेले असते.

सुरक्षेचा मुद्दा काढतात. तपासणी करा ना, माणूस माणूस तपासा, वादकाची ओळख पटवणं सोपं आहे, रबाब हातात द्या, दहा मिनिटांत कळतं.

अजून एक म्हणणं संगीतातल्याच लोकांकडून ऐकतो, की परदेशात गेलं की वाद्याचं शुद्ध रूप राहत नाही, फ्यूजन होतं, मग टिकवलं ते काय टिकवलं. मला हे पटत नाही कारण रबाब इथे येऊन सरोद झाला हेच मुळात परक्या मातीतलं बदलणं होतं आणि आज त्याला कोणी भेसळ म्हणत नाही. हुमायून सखीने परंदकारी इतकी गुंतागुंतीची केली की जुन्या उस्तादांनी ती तशी वाजवली नव्हती, आणि ते निर्वासनातच घडलं, लांब रात्रींच्या रियाजात. बदल शिष्य करतात, आणि बदल नको असेल तर तोही शिष्यच थांबवतात. शिष्य नसेल तर शुद्ध काय आणि अशुद्ध काय, वाजतच नाही.

तर मागणी स्पष्ट हवी. केंद्राने धोक्यात असलेल्या कलाकारांसाठी, धर्म न विचारता, तीन ते पाच वर्षांचा व्हिसा काढावा ज्यावर शिकवायची आणि फी घ्यायची मुभा असेल. आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, अफगाण विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देतंच, त्याच पैशातल्या काही जागा उलट दिशेने वापराव्यात, शिक्षक म्हणून उस्तादाला बोलवावं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र गुरुकुल पद्धतीने शिकवतं, मुंबई विद्यापीठाला संगीत विभाग आहे, या ठिकाणी अतिथी गुरू म्हणून एकेक रबाबिया बसला तर आपल्या सरोदच्या, सतारीच्या पोरांना उजव्या हाताचं असं काही मिळेल जे त्यांच्या अभ्यासक्रमात नाहीये. वाद्य दुरुस्तीची चिंता नको, सरोदही अखंड लाकूड कोरून त्यावर कातडं चढवूनच होतो, कोलकात्याच्या कारागिरांना हे काम नवं नाही.

या मागणीला घाई आहे, कारण १९९२ च्या आधी खराबातमध्ये बसून जे नीट शिकले ते आज पन्नाशीच्या पुढे आहेत, काही सत्तरीच्या, आणि रबाबवर हात बसायला एका शिष्याला दहा-बारा वर्षं सहज लागतात. अर्ज मंत्रालयात दोन वर्षं पडून राहणं हे नोकरी शोधणाऱ्याला एक वेळ सोसेल. साठीच्या उस्तादाची ती दोन वर्षं एका शिष्याच्या शिक्षणातूनच जातात.